खाडी ओलांडल्यानंतर

इंग्लंड आणि फ्रान्स या दोन देशांच्या मध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. तिला इंग्लिश खाडी असे म्हणतात. इंग्लंडमधील डोव्हर आणि फ्रान्समधील केप ग्री-ने या दोन ठिकाणांच्या दरम्यान तिची रुंदी सर्वांत कमी, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर आहे. आकाश निरभ्र असले म्हणजे एका तीरावरून दुसऱ्या तीरावरील पांढरेशुभ्र कडे दृष्टीस पडतात. पाहणाऱ्याला वाटते, हे अंतर ते काय! परंतु ही खाडी पोहून ओलांडणे हे जगातील अत्यंत अवघड साहसांपैकी एक गणले जाते.

याची कारणे दोन आहेत. पहिले कारण म्हणजे पाण्याचा गारठा. ऐन ऑगस्ट महिन्यातही या पाण्याचे तापमान साधारणपणे १६ ते १८ अंश सेल्सिअस इतकेच असते. मनुष्याच्या शरीराचे तापमान ३७ अंश असते. हवेपेक्षा पाणी शरीरातील उष्णता कितीतरी अधिक वेगाने ओढून घेते. त्यामुळे तासन्‌तास अशा पाण्यात राहणाऱ्या माणसाचे हातपाय बधिर होऊ लागतात आणि शेवटी त्याची विचारशक्तीही मंदावते. दुसरे कारण म्हणजे भरती-ओहोटी. कोकणात खाडीच्या काठी राहणाऱ्या मुलांना भरतीचे पाणी किती वेगाने चढते हे ठाऊक असते. इंग्लिश खाडीत हा प्रवाह तिच्या लांबीच्या दिशेने वाहतो आणि सुमारे दर सहा तासांनी उलटतो. पोहणारा मात्र रुंदीच्या दिशेने जात असतो. साहजिकच प्रवाह त्याला प्रथम एका बाजूस व नंतर दुसऱ्या बाजूस ओढून नेतो. सरळ रेषेने ३३ किलोमीटर असलेले अंतर अशा रीतीने प्रत्यक्षात पुष्कळच वाढते. किनारा अगदी हाताशी आला असे वाटावे आणि त्याच वेळी प्रवाह फिरून त्याने पोहणाऱ्यास पुन्हा दूर लोटावे, असा अनुभव येथे अनेकांनी घेतला आहे.

ही खाडी पोहून जाणारा पहिला पुरुष म्हणजे कॅप्टन मॅथ्यू वेब हा इंग्रज खलाशी. इसवी सन १८७५ च्या ऑगस्ट महिन्यात २१ तास ४५ मिनिटे पोहून त्याने फ्रान्सचा किनारा गाठला. त्यानंतर छत्तीस वर्षे दुसऱ्या कोणालाही यश आले नाही. १९११ साली बिल बर्जेस याने आणि १९२३ साली आणखी तिघांनी ही खाडी ओलांडली. पन्नास वर्षांत अवघे पाच जण! आणि हे पाचही जण पुरुष होते. स्त्रीच्या शरीराला हे श्रम झेपणारच नाहीत, असे त्या काळी पुष्कळ विद्वान मंडळीही छातीठोकपणे सांगत. १९२६ साली वीस वर्षे वयाच्या एका मुलीने हा समज खोटा ठरविला. तिचे नाव गर्ट्रूड एडर्ली.

गर्ट्रूडचा जन्म १९०५ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. तिचे आईवडील जर्मनीहून येऊन तेथे स्थायिक झाले होते. वडिलांचे मांसविक्रीचे दुकान होते. उन्हाळ्यात हे कुटुंब न्यू जर्सी राज्यातील समुद्रकाठच्या एका गावी राहावयास जाई. तेथेच गर्ट्रूड पोहायला शिकली. आपल्याकडे खेड्यापाड्यांतील विहिरीवर मुलाच्या कमरेला दोर बांधून त्याला पाण्यात सोडतात आणि काठावरील वडीलधारा माणूस दोराचे दुसरे टोक धरून उभा राहतो. गर्ट्रूडच्या वडिलांनीही नेमके हेच केले. कमरेला दोर बांधलेली ही चिमुरडी लवकरच दोर सोडून माशासारखी पोहू लागली.

पण याच सुमारास तिच्यावर एक संकट कोसळले. ती पाच वर्षांची असताना तिला गोवर झाला. गोवर हा केवळ अंगावर उठणाऱ्या पुरळाचा आजार नव्हे. काही मुलांच्या बाबतीत तो कानाच्या आतील भागाला कायमची इजा करतो. त्या काळी गोवराला प्रतिबंध करणारी लस निघालेली नव्हती. गर्ट्रूडला कमी ऐकू येऊ लागले. पोहणे चालू ठेवल्यास कान अधिकच बिघडतील, असा इशारा डॉक्टरांनी दिला. परंतु पाण्याची ओढ तिला आवरता आली नाही. आपल्या आवडीची किंमत आपल्याला चुकवावी लागणार आहे, ही गोष्ट तिला अगदी लहानपणापासून ठाऊक होती.

न्यूयॉर्कमध्ये शार्लट एपस्टाइन या बाईंनी १९१७ साली स्त्रियांसाठी एक जलतरण संघ स्थापन केला होता. बाई स्वतः न्यायालयात लघुलेखनाचे काम करीत. मुलींनी पोहायला शिकावे, ही गोष्ट त्या काळी अनेकांना रुचत नसे. या संघात गर्ट्रूडने प्रवेश घेतला. तेथे लुई हँडली नावाचे नामांकित शिक्षक विनावेतन शिकवीत असत. त्यांनी तिला ‘क्रॉल’ नावाची पोहण्याची रीत शिकविली. तीत पाण्यावर पालथे राहून हात एकामागून एक पुढे टाकावयाचे, पाय सरळ ठेवून भराभर वरखाली मारावयाचे आणि तोंड कुशीकडे वळवून श्वास घ्यावयाचा असतो. ही रीत वेगवान खरी. परंतु ती थोड्या अंतरासाठीच उपयोगी आहे, लांबच्या पल्ल्याला तिने दम टिकत नाही, असे तेव्हा बहुतेकांचे मत होते. कॅप्टन वेबने तर बेडकाप्रमाणे हातपाय पसरीत, छातीने पाणी कापीत खाडी ओलांडली होती.

अल्पावधीतच गर्ट्रूडचे नाव गाजू लागले. १९२१ ते १९२५ या काळात तिने राष्ट्रीय आणि जागतिक मिळून २९ विक्रम आपल्या नावावर केले. १९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने भरले. त्यांत चौघींच्या सांघिक शर्यतीत तिच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. १०० मीटर आणि ४०० मीटर या वैयक्तिक शर्यतींत तिला कांस्यपदके मिळाली. अठरा वर्षांच्या मुलीला ऑलिंपिकमध्ये तीन पदके, ही केवढी मोठी गोष्ट! परंतु तिघींत शेवटचे येणे तिच्या मनाला फार लागले. तिच्याकडून तिन्ही शर्यतींत सुवर्णपदकाची अपेक्षा होती. या निराशेतूनच तिचे लक्ष तलावातील शर्यतींकडून समुद्राकडे वळले.

१९२५ साली तिने न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकापासून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापर्यंतचे सुमारे २१ मैलांचे अंतर सात तासांहून थोड्या अधिक वेळात पोहून पार केले. त्याच वर्षी जलतरण संघाने तिला इंग्लिश खाडी पोहण्यासाठी युरोपला पाठविले. १८ ऑगस्ट रोजी ती फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरली. सुमारे नऊ तास पोहून झाल्यावर तिला ठसका लागला व ती पाण्यावर पडून राहिली. ती बुडत आहे असे वाटून तिच्या शिक्षकांनी तिला बाहेर काढण्यास सांगितले. खाडी पोहण्याच्या नियमाप्रमाणे पोहणाऱ्याला कोणी नुसता स्पर्श जरी केला, तरी प्रयत्न तेथेच संपतो. दुसऱ्या एका जलतरणपटूचा हात तिला लागला आणि नऊ तासांचे श्रम वाया गेले. आपण केवळ विसावा घेत होतो, असे ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

अपयशाने खचून न जाता दुसऱ्याच वर्षी तिने पुन्हा प्रयत्न करण्याचे ठरविले. मात्र या वेळी खर्चाचा प्रश्न उभा राहिला. नाव, शिक्षक, महिनोन्‌महिने परदेशातील वास्तव्य, या सर्वांसाठी पैसा हवा होता. दोन वृत्तपत्रांनी तिच्याशी करार करून हा खर्च उचलला. या कराराला एक दुसरी बाजू होती. त्या काळच्या ऑलिंपिक नियमांनुसार पैसे घेऊन खेळणाऱ्यास ऑलिंपिकचे दार बंद होत असे. करारावर सही करताच गर्ट्रूड ‘हौशी’ खेळाडू राहिली नाही. आता परत फिरण्यास वाट नव्हती.

तयारी मात्र या वेळी अधिक विचारपूर्वक झाली. स्वतः १९११ साली खाडी ओलांडलेले बिल बर्जेस तिचे मार्गदर्शक झाले. आदल्या वर्षीच्या पोशाखात पाणी साठून तो जड होत असे आणि अंगाला काचत असे. म्हणून गर्ट्रूड आणि तिची थोरली बहीण मार्गारेट या दोघींनी दोन भागांचा हलका, सुटसुटीत पोशाख तयार केला. डोळ्यांवर लावावयाच्या चष्म्याच्या कडांतून पाणी आत शिरू नये म्हणून त्या कडा मेण लावून बुजविल्या. थंडीपासून आणि जेलीफिशच्या दंशापासून बचाव व्हावा म्हणून सर्वांगाला चरबीचा जाड थर देण्यात आला. ही खाडी पार केलीस तर तुला लाल रंगाची मोटार घेऊन देऊ, असेही तिला कबूल करण्यात आले होते.

६ ऑगस्ट १९२६ रोजी सकाळी सात वाजल्यानंतर गर्ट्रूड केप ग्री-ने येथून पाण्यात उतरली. सोबतच्या नावेवर वडील, बहीण आणि बर्जेस होते. सकाळी समुद्र शांत होता. नावेवरील मंडळी गाणी म्हणत होती आणि त्यांच्या तालावर तिचे हात चालले होते. दुपारनंतर हवामान पालटले. पाऊस सुरू झाला, वारा सोसाट्याने वाहू लागला आणि लाटा उंच उसळू लागल्या. नावेवरील कित्येकांना समुद्र लागला. बर्जेस यांनाही आता प्रयत्न सोडून द्यावा असे वाटू लागले. बाहेर येण्यासाठी नावेवरून हाका सुरू झाल्या. तेव्हा पाण्यातून मान वर करून तिने एकच प्रश्न विचारला, “कशासाठी?”

ती पोहत राहिली. भरतीने तिला बाजूला ओढून नेले, त्यामुळे तिला सुमारे ३५ मैल अंतर काटावे लागले असे म्हणतात. अंधार पडला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील किंग्जडाऊन या गावी लोकांनी तिला दिशा कळावी म्हणून जाळ पेटविले. रात्री साडेनऊच्या पुढे तिचे पाय वाळूला लागले. साडेचौदा तासांहून थोड्या अधिक वेळात तिने खाडी ओलांडली होती. ही खाडी ओलांडणारी ती पहिली स्त्री तर ठरलीच. शिवाय त्यापूर्वीच्या पाचही पुरुषांपेक्षा तिला कमी वेळ लागला होता. पुरुषांच्या उत्तम विक्रमापेक्षा तिचा वेळ सुमारे दोन तासांनी कमी होता. केवळ थोड्या अंतरासाठी योग्य मानल्या गेलेल्या क्रॉलनेच तिने हे अंतर काटले होते. किनाऱ्यावर तिचे पहिले स्वागत मोठे मौजेचे झाले. एका इंग्रज अधिकाऱ्याने थकल्याभागल्या त्या मुलीकडे चक्क पारपत्राची मागणी केली!

न्यूयॉर्कला ती परतली तेव्हा २७ ऑगस्ट रोजी तिची मिरवणूक निघाली. रस्त्याच्या दुतर्फा लाखो लोक लोटले होते. उंच इमारतींच्या खिडक्यांतून कागदाच्या पट्ट्यांचा वर्षाव होत होता. नगराध्यक्षांनी तिचा सत्कार केला. नाटकमंडळ्या, चित्रपटसंस्था, व्यापारी अशा सर्वांकडून तिच्यापुढे मोठमोठ्या रकमांचे प्रस्ताव येऊ लागले. वीस वर्षांच्या, अगदी साध्या घरातील त्या मुलीला एका रात्रीत जगातील सर्वांत प्रसिद्ध व्यक्तींच्या पंक्तीत बसविण्यात आले.

सामान्यतः थोर खेळाडूंच्या कथा येथेच संपतात. वाचणाऱ्याला वाटते की पुढील सारे आयुष्य असेच जयघोषात गेले असेल. परंतु गर्ट्रूडच्या जीवनातील खरी कसोटी येथून पुढे सुरू झाली.

मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्ट रोजी, मिल कॉर्सन नावाच्या दोन मुलांच्या आईने हीच खाडी पोहून पार केली. आणखी दोनच दिवसांनी एका जर्मन जलतरणपटूने पावणेतेरा तासांच्या आत खाडी ओलांडून गर्ट्रूडचा वेळही मागे टाकला. स्त्रियांमधील तिचा विक्रम १९५० सालापर्यंत अबाधित राहिला ही गोष्ट खरी; परंतु लोकांच्या उत्साहाला नावीन्य हवे असते. जे कालपर्यंत अशक्य होते ते आता तिघांनी एकाच महिन्यात केले, असे म्हटल्यावर त्याची अपूर्वाई ओसरली. पुढे आलेले प्रस्ताव एकामागून एक मागे घेतले जाऊ लागले. वृत्तपत्रांत झळकलेल्या मोठमोठ्या आकड्यांचा अल्पसा अंशच तिच्या हाती पडला.

जे काम मिळाले तेही सुखाचे नव्हते. नाट्यगृहाच्या रंगमंचावर पाण्याची एक टाकी ठेवलेली असे आणि तीत पोहून दाखविण्यासाठी गर्ट्रूड गावोगाव हिंडे. दररोज नवे गाव, नवी गर्दी, तीच टाकी. जिने समुद्राशी झुंज घेतली तिला चार हात लांबीच्या पाण्यात कसरती करून दाखवाव्या लागत होत्या. त्यातच तिची श्रवणशक्ती झपाट्याने कमी होत चालली. गर्दीत कोण काय बोलते हे तिला कळेना. कोणी जवळ येऊन काही विचारले तर उत्तर काय द्यावे हे उमजेना. मुळात ती लाजाळू स्वभावाची होती. या ताणाचा परिणाम असा झाला की १९२८ च्या सुमारास तिचे मन आणि शरीर दोन्ही पार थकून गेले आणि तिला हे काम सोडावे लागले.

कीर्तीच्या मागे धावण्यात कोणता धोका असतो याचे उदाहरण खाडीच्याच इतिहासात आहे. पहिला विजेता कॅप्टन वेब याचाही असाच जयजयकार झाला होता. तो जयजयकार ओसरू लागला तेव्हा त्याने पैशासाठी टाकीत तासन्‌तास तरंगत राहण्याचे खेळ केले. अखेरीस लोकांचे लक्ष पुन्हा वेधून घेण्यासाठी १८८३ साली नायगारा धबधब्याखालील भयंकर खळाळातून पोहत जाण्याचे त्याने ठरविले आणि त्यातच त्याचा अंत झाला. अधिकाधिक धोक्याची साहसे करून गेलेली कीर्ती परत मिळविण्याचा मार्ग गर्ट्रूडपुढेही मोकळा होता. ती त्या मार्गाने गेली नाही.

तथापि संकटांनी तिची पाठ सोडली नव्हती. १९३३ साली एका इमारतीच्या जिन्यावरून घसरून ती पडली आणि तिच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तिला कित्येक वर्षे प्लास्टरमध्ये काढावी लागली. ती पुन्हा चालू शकेल की नाही याचीच डॉक्टरांना शंका होती. पोहण्याची गोष्ट तर दूरच राहिली. ज्या शरीराच्या बळावर जग जिंकले तेच शरीर अंथरुणाला खिळले. कान गेले, पैसा गेला, लोक विसरले आणि आता पायही दगा देतात की काय, अशी वेळ आली.

येथे तिच्या स्वभावातील एक गुण उपयोगी पडला. खाडी पोहताना दूरच्या किनाऱ्याकडे पाहत राहिले तर धीर सुटतो. कारण तो किती वेळ जवळ येतच नाही. म्हणून पोहणारा फक्त पुढचा एक हात मारण्याचा विचार करतो. गर्ट्रूडने आपल्या आजाराशीही अशीच झुंज दिली. प्रथम उठून बसणे, मग आधाराने उभे राहणे, मग एक पाऊल. १९३९ साली न्यूयॉर्क येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. त्यात पाण्यातील खेळांचा एक भव्य कार्यक्रम होता. त्या कार्यक्रमात, डॉक्टरांनी आशा सोडलेली गर्ट्रूड एडर्ली हजारो प्रेक्षकांसमोर पुन्हा पोहली. या वेळी तिने कोणताही विक्रम केला नाही. तरीही हे छोटेसे अंतर १९२६ सालच्या पस्तीस मैलांपेक्षा कमी अवघड होते असे कोण म्हणेल?

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्या काळात गर्ट्रूडने न्यूयॉर्कच्या विमानतळावर विमानांतील उपकरणे तपासण्याचे काम पत्करले. एके काळी जिच्या मिरवणुकीसाठी शहराचे व्यवहार थांबले होते, ती आता इतर कामगारांप्रमाणे वेळेवर कामावर जाई आणि वेळेवर घरी येई. या कामात तिला कमीपणा वाटला नाही. एव्हाना तिला ऐकू येणे जवळजवळ पूर्णपणे बंद झाले होते.

त्यानंतर तिने जे कार्य हाती घेतले ते तिच्या साऱ्या आयुष्याचे सार्थक करणारे होते. न्यूयॉर्क शहरात लेक्सिंग्टन नावाची कर्णबधिर मुलांची एक जुनी शाळा आहे. त्या शाळेतील मुलांना गर्ट्रूडबाई पोहायला शिकवू लागल्या. कर्णबधिर मुलाला पोहायला शिकविणे सोपे नसते. काठावरून मारलेली हाक त्याला ऐकू येत नाही. धोक्याची सूचना ओरडून देता येत नाही. त्याला सारे काही हातवाऱ्यांनी, चेहऱ्यावरील भावांनी आणि स्वतः करून दाखवून शिकवावे लागते. ऐकू येणाऱ्या शिक्षकास हे मुद्दाम शिकावे लागते. गर्ट्रूडबाईंना ते आपल्याच अनुभवातून समजले होते. लोक बोलतात पण आपल्याला कळत नाही, तेव्हा मनाची किती कोंडी होते हे त्या जाणून होत्या. म्हणूनच ती मुले त्यांना आपल्यातलीच एक मानीत. जे बहिरेपण त्यांच्या कीर्तीच्या काळात शापासारखे वाटले होते, तेच या मुलांपर्यंत पोहोचण्याचा पूल ठरले.

१९६५ साली आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिमंदिरात त्यांचे नाव सन्मानपूर्वक दाखल करण्यात आले. त्यांनी विवाह केला नाही. न्यूयॉर्कच्या एका शांत भागात मैत्रिणींच्या सोबतीने त्या साधेपणाने राहिल्या. आपल्या नशिबाबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. ३० नोव्हेंबर २००३ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्क नगरीने आपल्या एका क्रीडाकेंद्राला त्यांचे नाव दिले असून २०२४ साली त्यांच्या जीवनावर एक चित्रपटही निघाला.

गर्ट्रूडने मोकळी केलेली वाट पुढे अनेक देशांतील स्त्रियांनी चोखाळली. त्यांत आपल्या भारताची एक कन्याही आहे. कलकत्त्याच्या आरती साहा यांनी २९ सप्टेंबर १९५९ रोजी त्याच केप ग्री-ने येथून निघून इंग्लंडचा किनारा गाठला. ही खाडी ओलांडणाऱ्या त्या आशियातील पहिल्या स्त्री होत. त्यांचाही पहिला प्रयत्न महिन्यापूर्वीच अयशस्वी झाला होता आणि त्यांनीही दुसऱ्या प्रयत्नात यश मिळविले. १९६० साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले.

गर्ट्रूड एडर्लीच्या चरित्रातून दोन प्रकारच्या धैर्याची ओळख होते. एक धैर्य लाटांशी झुंजण्याचे. ते साऱ्या जगाला दिसते. त्याला टाळ्या मिळतात. दुसरे धैर्य टाळ्या थांबल्यावर लागते. आपण विसरले गेलो आहोत हे ओळखूनही मन कडू होऊ न देणे, जे अंग निकामी झाले त्याच्यासाठी रडत न बसता जे उरले आहे ते कामी लावणे आणि स्वतःच्या दुःखातून दुसऱ्याचे दुःख ओळखायला शिकणे, हे ते धैर्य होय. पहिल्यासाठी तिला साडेचौदा तास लागले. दुसऱ्यासाठी तिने आपले उर्वरित आयुष्य वेचले. इंग्लिश खाडी तिच्यानंतर कितीतरी जणांनी ओलांडली आहे व तिचे विक्रम केव्हाच मोडले गेले आहेत. परंतु ज्या मुलांना काठावरची हाक ऐकू येत नव्हती, त्यांचा हात धरून ती त्यांच्याबरोबर पाण्यात उतरली, ही गोष्ट कोणत्याही विक्रमाने जुनी होणारी नाही.